चौऱ्याहत्तर मिलीमीटरची फट

रेषेच्या बाजूला रेषा काढायची, हे माझं काम. एकोणीस वर्षं मी तेच केलं. काशीगावच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा, खाली लाकूड कापणारं मशीन, वर पोटमाळ्यावर काचेच्या खोपटात मी आणि माझा कॉम्प्युटर. नात्यात कुणी विचारलं की आमच्या जाऊबाई सांगायच्या, "वैशाली ना, ती कॉम्प्युटरवर फर्निचरचं काहीतरी करते." बरीच वर्षं त्यांना वाटत होतं की मी सोफे विकते आणि घरच्यांना सूट देत नाही.

दिवाळी अंकासाठी कामातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत, एखादी सांगतेही. पण मी मुळात भित्री बाई आहे आणि त्या कामाने मला आणखी भित्रं केलं. का केलं, तेच मला सांगायचंय.

आधी काम समजून घ्या. लाकूड कापायचं मशीन म्हणजे उभं धरलेलं, गरगर फिरणारं ड्रिल समजा. त्याच्या टोकाला पोलादी बिट असतो. आमचा नेहमीचा बिट सहा मिलीमीटर जाडीचा. त्याला मी एक मासा काढून दिला आणि म्हटलं या रेषेवरून चाल, तर तो बरोब्बर रेषेवरून चालतो. पण चालता चालता रेषेच्या दोन्ही बाजूंचं तीन-तीन मिलीमीटर लाकूड खातो आणि मासा बारीक होतो. म्हणून माशाच्या बाहेरून, सगळीकडे सारखं तीन मिलीमीटर अंतर राखून दुसरी रेषा काढायची आणि मशीनला ती द्यायची. याला ऑफसेट म्हणतात. मासा हवा असेल तर रेषा बाहेरून, माशाच्या आकाराचं भोक हवं असेल तर आतून. सॉफ्टवेअरमध्ये एक छोटी चौकट उघडते. तिच्यात आकडा टाकायचा, आत की बाहेर ते सांगायचं, बटण दाबायचं. सातवीतलं मूल करेल.

भीती त्या सोपेपणाचीच. हाताने काम करणारा सुतार करवत लावण्याआधी थांबतो, डोकं खाजवतो, विचारतो, "बाई, हे असंच पायजे ना?" मशीन विचारत नाही. आकडा चुकला तर ते चुकीचं लाकूड अगदी सुबक कापून देतं. कडा गुळगुळीत, कोपरे स्वच्छ. चूक इतकी नीटनेटकी असते की ती चूक वाटतच नाही.

आमचे मालक किरीटभाई. मूळचे कच्छचे, बोलणं गुजराती, हिंदी आणि मराठीची मिसळ. मनाने बरे, पण चूक झाली असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. माल बिघडला तर म्हणायचे, "लाकूड ही ऐसा आया." मशीन चालवायला सुमेरजी होते. जौनपूरकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. कापणं, जोडणं, पॉलिश, सगळं तेच करायचे. एवढेच आम्ही तिघं.

ज्या दिवशी माझ्या हातून ती चूक झाली, त्या दिवशी सकाळी सावंत नावाचे गृहस्थ आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेले. आम्ही त्यांच्या दारासाठी सागवानी अक्षरांची पाटी करून दिली होती. त्यांनी खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवली. आत मण्याएवढा एक लाकडी तुकडा.

"आमचा अनुस्वार पडला," ते म्हणाले.

"पडला?"

"चार दिवस मी 'सावत' आहे. बिल्डिंगमधली मुलं हसतात. कुरियरवाल्याने तर विचारलं, हे पुढचं अक्षर राहिलंय का."

यात चूक माझीच होती. देवनागरीत अनुस्वार कुणाला चिकटलेला नसतो, एकटा वर लटकतो. तो धरून ठेवायचा तर अक्षरांच्या मागे आणखी एक फळी लागते. सगळ्या नावाच्या बाहेरून दहा-बारा मिलीमीटरवर रेषा काढली की अक्षरांच्या रेषा एकमेकींत मिसळतात, अनुस्वारही त्यांना जाऊन मिळतो, आणि ढगासारखा एकसंध आकार तयार होतो. तो मागे लावायचा. सावंतांच्या पाटीला मी ती फळी दिली नव्हती. आता त्यांच्यासमोर बसून, चौकटीत बारा आकडा टाकून, मी ती काढली.

सावंत खुर्चीवर बसूनच राहिले. घरी जायची घाई नव्हती त्यांना. तेवढ्यात किरीटभाई वर आले आणि म्हणाले, "वैशालीबेन, वो पालना खोलो."

पाळण्याची गोष्ट अशी. दोन आठवड्यांपूर्वी पालीहून आग्नेस मावशी आल्या होत्या. उत्तनच्या पुढचं, समुद्रालगतचं पाली. त्या कितीतरी वर्षं भाईंदरच्या मार्केटात मासे विकत होत्या, अलीकडे गुडघ्यांमुळे बंद केलं होतं. लोखंडी जिना चढून त्या वर आल्या, धाप टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "माज्या नातवाला पाळना पायजे. पन बदक नको, ससा नको. आमच्या घरात बदकाचा काय संबंध? मासे पायजेत."

मी मासा काढून दाखवला. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं.

"ह्यो कुठला?"

"मासा आहे, मावशी."

"ते दिसतं. कुठला? असा मासा दर्यात न्हाय."

मग त्यांनी बाजूला बसून एकेक मासा काढून घेतला. पापलेटचं शेपूट कसं दुभंगतं, बोंबलाचं तोंड किती मोठं असतं, सुरमईच्या अंगावरच्या रेषा कुठून सुरू होतात. दोन तास बसल्या. जाताना म्हणाल्या, "आता हाय खरा." पाळण्याच्या वरच्या काठाला ते मासे आणि खाली लाटांसारख्या उभ्या नागमोडी पट्ट्या, असं चित्र ठरलं. सून माहेरी होती. बाळ पाचव्या महिन्यात घरी येणार होतं.

पाळण्याच्या दोन पट्ट्यांमधली फट साठ मिलीमीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात शिकलेली गोष्ट. आम्ही पन्नास धरायचो. या पाळण्यातही मी पन्नासच ठेवली होती आणि पट्ट्या चव्वेचाळीसच्या.

किरीटभाईंनी पडद्यावर बघितलं आणि नाक मुरडलं. "पट्ट्या बहुत जाडी छे. जेल जैसा लगता है. थोडी पतली करो."

थोडी म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलीमीटर, असं मी मनात ठरवलं. फट छप्पन्न होईल, चालेल. सगळ्या पट्ट्या निवडल्या, ऑफसेटची चौकट उघडली. आतून, असं सांगितलं. तीन टाइप केला. त्याच वेळी सावंत मागून म्हणाले, "पण आता परत नाही ना पडणार तो?" मी मान वळवून "नाही हो" म्हटलं आणि बटण दाबलं.

त्या चौकटीत सावंतांचा बारा तसाच बसलेला होता. माझा तीन तिने घेतलाच नव्हता.

पडद्यावर पट्ट्या एकदम सडपातळ झाल्या. पाणी वाहावं तशा दिसायला लागल्या. किरीटभाई म्हणाले, "वाह, अब बना." मलाही आवडलं. खरं सांगते, स्वतःच्या कामाकडे बघून मी इतकी खूश क्वचित झाले असेन. सुंदर दिसत होतं, म्हणून मी मोजलं नाही. बाकी कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. सावंत बोलले, घाई होती, चौकटीने घात केला. पण खरं कारण एवढंच आहे.

आठ दिवसांत पाळणा तयार झाला. सागवानी, पॉलिश केलेला. मी खाली जाऊन बघितला. पट्ट्यांच्या मधून हात घालून माशांची मागची बाजू गुळगुळीत आहे का ते चाचपलं. माझा हात मनगटापर्यंत आरपार गेला होता. बांगड्या नाही अडल्या. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. शनिवारी टेम्पोने पाळणा पालीला गेला.

मंगळवारी सकाळी एका दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी किचनच्या दारावर त्याच लाटा वापरायच्या म्हणून मी ती फाइल उघडली. दाराच्या मापात बसतील का बघायला फटीचं माप घेतलं. आकडा आला चौऱ्याहत्तर.

मला वाटलं, चुकीच्या दोन बिंदूंवर क्लिक केलंय. पुन्हा घेतलं. चौऱ्याहत्तर. बाजूची फट घेतली, तिच्या बाजूची घेतली. सगळ्या चौऱ्याहत्तर. पट्टीची जाडी वीस. मशीनने कुठेही कसूर केलेली नव्हती.

जिना उतरून मी खाली गेले. मशीन चालू होतं, सुमेरजींनी माझा चेहरा बघून ते बंद केलं.

"सुमेरजी, वो पालने की पट्टी कितनी चौडी काटी थी?"

"जितनी फाइल में थी. बीस."

"आपको पतली नहीं लगी?"

"लगी. हमको लगा, डिज़ाइन है."

त्यांना काय दोष देणार? मी किरीटभाईंना फोन लावला. ते गावी लग्नाला गेले होते, फोन लागत नव्हता. मावशींचा नंबर किरीटभाईंच्याच फोनमध्ये होता. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पालीत गल्लीच्या तोंडाशी माल उतरवला, पुढे घरची माणसं हाताने घेऊन गेली. घर त्याला ठाऊक नव्हतं. आग्नेस मावशींनी मला सांगितलेलं मात्र आठवलं, सून रविवारी येणार. आज मंगळवार होता. म्हणजे बाळ दोन रात्री त्या पाळण्यात झोपून झालं होतं.

मी पर्स घेतली, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेतला आणि निघाले. रिक्षाने भाईंदर, पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून उत्तनची बस. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मुर्धा, राई, मोर्वा, एकेक गाव मागे जात होतं आणि मी मनात एकच गणित करत होते. पाच महिन्यांचं बाळ आता वळायला लागलेलं असतं. वळता वळता कडेला येतं. पाय फटीतून बाहेर जातात. मग कंबर, ती मऊच असते. मग छाती. चौऱ्याहत्तर मिलीमीटरमधून हे सगळं जाऊ शकतं. डोकं जात नाही. त्याच्या पुढे मी विचार करत नव्हते, पुन्हा पायांपासून सुरुवात करत होते. शेजारच्या बाईने मला विचारलं, "उलटी होतेय का? खिडकी उघडू?" मी नाही म्हटलं. तिने तरी उघडली.

पालीच्या गल्ल्या अरुंद आहेत, समोरून स्कूटर आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. एका अंगणात एक बाई काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मी विचारलं, "आग्नेस मावशींचं घर कुठे? त्यांच्याकडे नवा पाळणा आलाय."

"पाळना बगायला आलीस?" ती हसली. "सगळा पाली बगून गेला. तिथून डावीकडे, निळा दरवाजा हाय."

"बाळ बरं आहे ना?"

तिचा हात थांबला. "बरं हाय. का?"

मी उत्तर न देता डावीकडे वळले. मागे वळून बघितलं तर ती बोंबील तसेच टाकून माझ्या मागे येत होती.

निळा दरवाजा उघडा होता. समोरच्या खोलीत छताच्या कडीला पाळणा टांगलेला. बाळावर माश्या बसू नयेत म्हणून त्याच्यावर मोठी ओढणी टाकली होती, ती दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. आत बाळ आहे की नाही दिसत नव्हतं. खोलीत कुणी नव्हतं. आणि पाळणा हलत होता. कुणी झोका दिल्यासारखा एका लयीत हलत नव्हता, आतून कुणी धडपडावं तसा थोडा थांबून, पुन्हा थोडा, असा हलत होता.

उंबरठ्यापासून पाळण्यापर्यंत सहा-सात पावलं असतील. ती मी कशी चालले, मला सांगता येणार नाही. ओढणी बाजूला केली. बाळ जागं होतं. पाठीवर पडून दोन्ही पायांनी खालची गादी तुडवत होतं. माझ्याकडे बघून ते थांबलं.

आतून मावशी आल्या. "मॅडम, तुमी? बसा, बसा. लविना, बग कोन आल्या, आपला पाळना काढला ना, त्या."

"मावशी, बाळाला आधी बाहेर घ्या."

"आताच ठेवलाय. झोपंल तो."

"बाहेर घ्या. मग सांगते."

लविना, त्यांची सून, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बावीस-तेवीस वर्षांची. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता बाळाला उचललं. मग मी सांगितलं. फट मोठी झालीय, माझ्या हातून चुकलंय, हा पाळणा वापरू नका.

मावशींना ते पटेना. "फट हाय तर काय झालं? हवा लागते पोराला. सगळ्यांनी बगितला, फादरनी बगितला, कोन काय बोललं न्हाय." बोंबीलवाल्या बाईकडे बघून त्या म्हणाल्या, "तू बोल, काय वाईट हाय ह्याच्यात?" त्यांचा चेहरा उतरत चालला होता. ते मासे त्यांनी स्वतः सांगून काढून घेतलेले, हे गल्लीत प्रत्येकाला त्यांनी ऐकवलेलं असणार.

मी व्हर्नियर काढून आकडा दाखवला, पण आकड्याने कुणाचं समाधान होतं? शेवटी मी म्हटलं, "मला एक टॉवेल द्या आणि एक तांब्या." टॉवेलची घट्ट गुंडाळी केली, बाळाच्या अंगाएवढी. तिचं एक टोक तांब्याच्या गळ्याला बांधलं. ते पाळण्यात ठेवलं आणि टॉवेलचं मोकळं टोक फटीतून थोडं बाहेर सरकवून हात काढून घेतला. पाळण्याला हलकासा झोका दिला.

टॉवेल सरकत सरकत सगळा बाहेर आला. तांब्या आतून पट्ट्यांवर आपटला आणि तिथेच अडकला. टॉवेल बाहेर लोंबत राहिला.

पाळणा अजून हलत होता, त्याबरोबर टॉवेल हलत होता. मावशींनी पुढे होऊन हाताने पाळणा थांबवला.

लविना भिंतीला टेकून उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काल सकाळी त्याचे पाय बाहेर होते. गुडघ्यापर्यंत. मला वाटलं, खेळतोय. मी आत घेतले आणि कपडे धुवायला गेले."

मावशी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखत असताना त्या अशा खाली बसत नसत, त्यांनीच मला सांगितलं होतं. मग त्या म्हणाल्या, "तुज्या हातून झालं. आता तूच घेऊन जा त्याला." आधी त्या मला मॅडम म्हणत होत्या.

मी सुमेरजींना फोन केला. टेम्पो यायला दीड तास लागला. तेवढा वेळ मी बाहेरच्या पायरीवर बसले होते. मला आत बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते. बोंबीलवाल्या बाईने पाण्याचा ग्लास आणून दिला. सुमेरजींनी पाळणा उतरवला, चादरीत गुंडाळला, मी टेम्पोत पुढे बसले. चौकापर्यंत आल्यावर ते म्हणाले, "हमको पूछना चाहिए था." मी म्हटलं, "मुझे नापना चाहिए था."

मला वाटलं होतं, संकट संपलं. किरीटभाई गुरुवारी परत आले. मी पाळणा समोर ठेवून सगळं सांगितलं. लाकूडच तसं आलं, असं काही ते म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. पण ते खुर्चीत मागे टेकले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बेन," ते म्हणाले, "वो फाइल मैंने आगे भेजी है."

आमच्या धंद्यात हे चालतं. एखादं चित्र छान झालं की मालक लोक ओळखीच्या गाळेवाल्यांना फोनवर पाठवतात, तेही त्यांची पाठवतात. मासेवाला पाळणा किरीटभाईंनी चार जणांना पाठवला होता. फाइलला वजन नसतं, तिला टेम्पो लागत नाही. पालीला तरी मी बसने पोचले. आता मी कुठे जाणार होते?

त्यांनी माझ्यासमोर फोन लावले. या माणसाला मी पहिल्यांदाच "हमारी गलती है" म्हणताना ऐकलं, एकदा नाही, तीनदा. वसईवाल्याने अजून उघडलीच नव्हती, त्याने काढून टाकली. भिवंडीवाल्याने एक पाळणा कापून ठेवला होता, विकला नव्हता. त्याने तो मोडल्याचा फोटो पाठवला. सुरतवाला म्हणाला, "मैंने तो आगे ग्रुप में डाल दिया." त्या ग्रुपमध्ये शंभरावर माणसं होती. किरीटभाईंनी त्याच्याकडून तिथे चूक झाल्याचा निरोप टाकून घेतला, दुरुस्त फाइलही टाकली. किती जणांनी वाचलं, देव जाणे. चौथ्याने फोन उचलला नाही. नंतर तो नंबर बंद झाला. त्याचा गाळा कुठे होता, हे किरीटभाईंनाही नक्की माहीत नव्हतं. एका प्रदर्शनात ओळख झालेली.

आग्नेस मावशींना आम्ही नवा पाळणा करून दिला, पन्नासच्या फटीचा. तो पोचवायला मी स्वतः गेले. मावशींनी माझ्या हातातून व्हर्नियर घेतला, कसा धरायचा ते विचारलं आणि एकेक फट स्वतः मोजली. मग चहा दिला. लविनाने मात्र बाळाला त्यात कधी ठेवलं नाही. वर्षभराने कळलं की त्या पाळण्यात ते धुतलेले कपडे ठेवतात. मला राग आला नाही. मीसुद्धा ठेवलं नसतं.

त्यानंतर मी आणखी सहा वर्षं काम केलं. प्रत्येक चित्र दोनदा मोजायचे, कापल्यावर लाकूड मोजायचे. चौकटीत आकडा टाकला की मोठ्याने वाचायचे, शेजारी कुणी असो वा नसो. चित्र फार सुंदर दिसायला लागलं की तिसऱ्यांदा मोजायचे. नवीन मुली शिकायला यायच्या, त्यांना मी विचित्र वाटत असणार. किरीटभाई कधी हसले नाहीत. त्यांनी फाइली पाठवणं बंद केलं.

त्या चौथ्या माणसाची भीती मात्र गेली नाही. कुणाकडे बारशाला गेले की पाहुण्यांआधी मी पाळणा बघते. माशांच्या पाळण्याचा फोटो, माप आणि माझा नंबर असा एक निरोप मी तयार केला होता. तो दर काही महिन्यांनी सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, सुतारकाम करणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. लोक हात जोडल्याचं चित्र पाठवायचे आणि विसरून जायचे. आमचे यजमान म्हणाले, "आता पुरे कर, इतकी वर्षं झाली." मी पुरे केलं नाही.

गेल्या महिन्यात, दुपारी एकच्या सुमाराला एका अनोळखी माणसाचा फोन आला. नाशिकहून बोलत होते. साळुंके म्हणून. म्हणाले, तुमचा मेसेज मेव्हण्याने पाठवला. आमच्याकडे पाळणा आहे, त्याच्यावर मासे आहेत. माळ्यावर टाकलाय. बहिणीला सातवा महिना चालू आहे, तिला द्यायचा म्हणून परवा काढणार होतो.

मी म्हटलं, "आता काढता का? फोन चालू ठेवा. घरात मोजपट्टी असेल ना?"

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. काहीतरी पडलं, ते खोकले, धूळ असणार. मी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. बऱ्याच वेळाने ते पुन्हा फोनवर आले.

"सात सेंटिमीटरच्या वर आहे. साडेसातच्या जरासं खाली."

मी विचारलं, "तुमच्या घरी कोण झोपायचं त्यात?"

"माझी मुलगी. सव्वा वर्ष झोपली."

"ती कुठे आहे?"

"शाळेत गेलीय." मग ते म्हणाले, "बाई, ती एकदा रडत होती तेव्हा आम्ही धावत गेलो होतो. कमरेपर्यंत बाहेर आली होती. माझी बायको बाजूलाच होती म्हणून. आम्हाला वाटलं, पोर वळवळं आहे."

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, तुम्ही कशाला माफी मागता, आम्ही तर दुकानातून घेतला. मी त्यांना समजावून सांगितलं की त्या रेषा माझ्या आहेत. ते रागावले की नाही, मला कळलं नाही. मी विचारलं, घरात करवत आहे का. आहे म्हणाले. मग म्हटलं, आजच कापा. भंगारवाल्याला अख्खा देऊ नका, कुणी परत जोडेल.

संध्याकाळी त्यांनी फोटो पाठवला. बाल्कनीत लाकडाच्या कांड्यांचा ढीग, पट्ट्या अध्ये-मध्ये कापलेल्या. खाली लिहिलं होतं, पापलेट तेवढा मुलीने मागून घेतला, तिच्या टेबलावर ठेवलाय.

तो पापलेट मी मोठा करून बघितला. शेपूट बरोबर दुभंगलेलं होतं. मग मी साळुंक्यांना परत फोन लावला आणि त्या दुकानाचा पत्ता विचारला. त्यांनी दिलाय. सोमवारी मी नाशिकला जातेय.